खोलीवरचा स्वयंपाक

लेकरू लातूरला ठेवायचं ठरलं की घरात आधी फीचा हिशेब होतो, मग खोलीच्या भाड्याचा. जेवणाचा विषय सगळ्यांत शेवटी निघतो आणि बहुतेक घरांत एका वाक्यात मिटतो: मेस लावून टाकू. नांदेडला ठेवायचं असलं तरी तेच. अकरावी-बारावीची दोन वर्षं, दिवसाची दोन जेवणं, मधल्या सुट्ट्या वजा केल्या तरी १२०० च्या वर जेवणं होतात. वाढीच्या वयातली १२०० जेवणं. त्यांचा विचार निदान फीइतका तरी व्हावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी यात दोनदा उतरले. २०१५ ते २०१७ मुलीसाठी लातूरला खोली करून राहिले. २०२१ ला मुलगा नांदेडला गेला, तेव्हा आधी गावाकडून एसटीने डबा पाठवला आणि पुढे तो स्वतः रांधायला शिकला. मुलीने पहिले दोन महिने मेसचं खाल्लं होतं, मुलानेही अधूनमधून खाल्लं. त्यामुळे मेस, डबा आणि खोलीवरचा स्वयंपाक या तिन्ही वाटा जवळून पाहिल्या आहेत.

लातूरची ही गर्दी आजकालची नाही. दयानंद महाविद्यालय १९६१ चं, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. पुढे अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं आणि मराठवाड्यातूनच काय, पार सीमेपलीकडच्या बिदरकडूनही मुलं येऊ लागली. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि क्लासेस तर गल्लोगल्ली. मुलं आली तशा एक पलंग, एक टेबल, एक खिडकी अशा खोल्या भाड्याने निघाल्या आणि त्यांच्या मधोमध मेस.

घरचं जेवण चांगलं, हे सगळेच म्हणतात. का चांगलं, असं विचारलं की 'आईच्या हाताची माया' म्हणून विषय संपतो. मायेबद्दल मला शंका नाही. पण मेस चालवणाऱ्या मावशीही पहाटे उठून साठ-सत्तर पोरांचं रांधतात, त्यांच्या हाताला माया नाही असं कोण म्हणेल? फरक पडतो तो वेगळ्या कारणाने. स्वयंपाक आपण केला की तेल, मीठ, डाळीचं माप आणि अन्न शिजल्यापासून ताटात येईपर्यंतचा वेळ, हे सगळं आपल्या ताब्यात येतं. ठरलेल्या पैशात सत्तर ताटं बसवायची असली की या गोष्टी वेगळ्या ठरतात. डाळ महाग, म्हणून वरण पातळ होतं. पातळ वरण अळणी लागू नये म्हणून मीठ-तिखट चढतं. भाजीवर लाल तर्री दिसली की भाजी झणझणीत वाटते, म्हणून तेल चढतं. आणि सत्तर पोरं एका वेळी येत नाहीत, म्हणून सकाळी दहाला शिजलेलं दुपारी दोनला वाढावं लागतं.

वेळेपासून सुरू करते, कारण तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम असेल किंवा फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली गार असेल, तोवर त्यात जंतू फारसे वाढत नाहीत. मधल्या कोमट पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नको, असा साधा नियम सांगतात. नांदेडचा मे महिना आठवा, म्हणजे एक तास का म्हणतात ते कळेल.

भाताची गोष्ट आणखी निराळी आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं बहुधा असतातच, आणि ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट होऊन तसाच पडला की ती रुजतात, जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष भात पुन्हा तापवला तरी जात नाही. म्हणून सकाळचा भात रात्री चांगला परतून खाल्ला तरी उलट्या होऊ शकतात. फोडणीच्या भाताची आपली रीत मोडायची गरज नाही. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववायचा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा. खोलीवर फ्रिज नसतो, तेव्हा तिथे भात वेळेपुरताच लावावा.

पुष्कळांसाठी रांधलं म्हणून अन्न खराब होतं, असं मात्र नाही. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये एकदा पंगतीला बसून बघा. भांडी एवढी मोठी की दोघा-तिघांनी उचलावीत, पण पंगतीमागून पंगत बसत असते, भांडं रिकामं होतं आणि दुसरं येतं. डाळ ताटात पडते ती वाफाळत. तिथे अन्नाला वाट बघावी लागत नाही, माणसं थोडी थांबतात. खोलीवरच्या स्वयंपाकात नेमकं हेच साधायचं असतं: भूक लागायच्या अर्धा तास आधी कुकर, आणि कुकर उतरला की ताट.

आता एसटीचा डबा. मराठवाड्यातल्या हजारो आयांनी या डब्यावर लेकरं शिकवली आहेत, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पहाटे चारला उठायचं. साडेपाचला डबा कापडी पिशवीत, पिशवीवर पोराचं नाव आणि मोबाइल नंबर. सहाच्या गाडीत ती पिशवी वाहकाच्या ओळखीने जागेला लागते आणि कालचा रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत येतो. मुखेडकडच्या आमच्या गावातून नांदेडला पोचायला अडीच तास. पोरगा सकाळचा क्लास उरकून अकराला डबा उचलणार, दुपारी अर्धा खाणार आणि अर्धा रात्रीसाठी ठेवणार.

त्या रात्रीच्या अर्ध्यातच मी चुकले. ऑक्टोबरचं ऊन होतं. मी शेंगदाण्याचं कूट घालून दोडक्याची पातळ भाजी दिली, गरम गरमच डब्यात भरून झाकण घट्ट लावलं आणि पिशवी इंजिनाच्या बोनेटवर ठेवली गेली. पहाटे पाचला शिजलेली भाजी रात्री नऊला उघडली, म्हणजे सोळा तास ती त्याच कोमट पट्ट्यात होती. वर बारीक फेस आला होता. पोराला वाटलं, हलल्यामुळे असेल. दोन दिवस उलट्या-जुलाब झाले आणि एक परीक्षा बुडाली.

तेव्हापासून डबा कसा भरायचा ते मी नव्याने शिकले. जंतूंना वाढायला ओल लागते, तेव्हा लांबच्या डब्यात ओलच कमी जायला हवी. भाकरी तव्यावरून उतरली की दुरडीत उभी करून निवू द्यायची, मग सुती कापडात गुंडाळायची. गरम भाकरी तशीच स्टीलच्या डब्यात कोंबली की वाफेचं पाणी झाकणाला धरतं, ते पुन्हा भाकरीवर गळतं आणि तिथूनच ती आंबायला लागते. सोबत शेंगाची चटणी, जवसाची किंवा कारळाची चटणी, कोरडं पिठलं, मेथीची सुकी भाजी, धपाटे. सुक्या चटणीचा एक ओला चमचासुद्धा डब्यात जाऊ द्यायचा नाही. रस्सा, वरण-भात, ओलं खोबरं आणि कच्चा कांदा घातलेलं काहीही एसटीत बसवायचं नाही. सुकी भाजी दुपारीच संपवायची आणि रात्री भाकरी-चटणीवर ताजं दूध किंवा दही घ्यायचं, असं मी पोराला बजावलं.

पण हा डबाही लवकरच बंद पडला. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. गाडीच नाही तर डबा कशात ठेवणार? दिवाळीच्या सुट्टीत पोरगा घरी होता. मी त्याला म्हटलं, "बस माझ्याजवळ. पंधरा दिवसांत भाकर आणि वरण, दोनच गोष्टी शीक." आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते. सगळा स्वयंपाक शिकवत बसू नका. दोन गोष्टी पक्क्या करा, बाकीचं आपोआप येतं.

भांडीही थोडीच लागतात. तीन लिटरचा कुकर आणि त्याचे आतले डबे, लोखंडी तवा, जमल्यास छोटी लोखंडी कढई, परात, एक भगुनं, उलथनं, सांडशी, मसाल्याचा डबा. गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर कंपनीच्या वितरकाकडे ओळखपत्र दाखवून मिळतो, नांदेडच्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. एका माणसाचं दोन वेळचं रांधून आमचा सिलिंडर महिन्याच्या थोडा पुढे जायचा. बाजारात छोटी शेगडी-टाकी मिळते आणि दुकानदार मोठ्या सिलिंडरमधून ती भरून देतो, तसलं काही घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि बंद खोलीत जिवावर बेततं. रांधताना खिडकी उघडी, आणि झोपण्याआधी रेग्युलेटर बंद, या दोन सवयी भाकरीच्या आधी शिकवायच्या.

आता भाकरी. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते पाण्यात भिजलं की रबरासारखी जाळी धरतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. मग भाकरी कशाने धरते? गरम पाण्याने. पिठातलं पिष्ट ७० अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगतं आणि चिकट होतं. म्हणून परातीत पिठाचं आळं करायचं, आधणाचं पाणी त्यात ओतायचं, उलथन्याने कालवायचं आणि हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताच्या टाचेने पुढे दाबत रगडायचं. एका भाकरीचं पीठ एका वेळी. रगडणं कमी पडलं की थापताना कडा चिरतात. कोरडं पीठ परातीत पसरून गोळा थापायचा, बोटं कडेकडेने फिरवायची, भाकरी आपोआप गोल फिरू लागते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर यावी आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा. त्या पाण्याने कोरडं पीठ बसतं आणि वरचा थर चिरत नाही. पाणी सुकायच्या आत उलटायची. दुसरी बाजू खरपूस झाली की तवा बाजूला सारून थेट आचेवर. आत कोंडलेल्या वाफेने पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. फुगली म्हणजे आतून शिजली, हा तिचा दाखला.

यात एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही, गिरणीवर सापडते: विरी. दळून बरेच दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते. ते धरत नाही, कितीही रगडा, थापताना चिरतंच, आणि किंचित कडवटही लागतं, कारण दाण्याच्या अंकुरातलं तेल दळल्यावर हवेने खवट होत जातं. एकट्या माणसाने दोन किलोच्या वर दळून ठेवू नये. ज्वारी चार-सहा महिन्यांची घरात असू द्या, पीठ पंधरवड्याचंच असू द्या.

ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतू असतो. पांढऱ्या तांदळात किंवा मैद्यात तंतू ३ ग्रॅमच्या आतबाहेर. रात्री अकरापर्यंत अभ्यासाला बसणाऱ्या पोरांना भाकरीने भूक लवकर लागत नाही, त्याचं एक कारण हे. पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तुरीच्या डाळीत तो भरपूर असतो, आणि डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते ज्वारी भरून काढते. भाकरी आणि वरण एकाच ताटात आले की दोघांची उणीव मिटते. आपल्या आज्यांनी हे घटक मोजले नव्हते, पण जोडी अचूक लावली.

आणि डाळीसाठी लातूरसारखं गाव नाही. तुरीच्या मोंढ्याचं आणि डाळ मिलचं हे गाव, आणि २०२४ मध्ये निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला व पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकनही मिळालं. खोलीवरची डाळ मात्र शिजत नाही, अशी पोरांची तक्रार असते. दोष बहुधा पाण्याचा असतो. बोअरचं पाणी जड, त्यातला चुना डाळीचा गर घट्ट धरून ठेवतो. पिण्याचं पाणी वापरा, डाळ अर्धा तास भिजवा, थोडी हळद आणि तेलाचे दोन थेंब टाका. चिंच, टोमॅटो किंवा आमसूल आधी टाकू नका. आंबटाने डाळ कडकच राहते, म्हणून चिंचेचा कोळ फोडणीच्या वेळी. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे भगुन्यात तासभर घेणारी डाळ चार शिट्ट्यांत होते. खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात, कडेला एक बटाटा: एका आचेवर तीन कामं. सोडा मात्र टाकू नका. डाळ लवकर मऊ व्हावी म्हणून कुठे कुठे खाण्याचा सोडा टाकतात, त्याने डाळीतलं थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं.

किती खायचं, याचं उत्तर आपल्या शेजारीच मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात त्यांनी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलि, शेंगदाण्यासारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. याचा महिन्याचा बाजार करून बघा. साडेसात किलो धान्य, अडीच किलो डाळी, किलोभर शेंगदाणे, नऊ लिटर दूध आणि तेल एक लिटरच्या आत, कारण एका लिटरच्या पाकिटात सुमारे ९१० ग्रॅम तेल असतं. वाढत्या मुलाला धान्य याहून जास्त लागेल. भाव रोज हलतात, म्हणून मी आकडा देत नाही. ही मापं कागदावर लिहा, तुमच्या बाजाराचा भाव लावा, भाजी, फळं आणि गॅस मिळवा आणि समोर मेसचे पैसे मांडा. नुसते रुपये बघू नका, त्या रुपयांत डाळ किती ग्रॅम येते ते बघा. वर सांगितलेल्या मापात ज्वारीची २५, डाळीची १८ आणि शेंगदाण्यांची ८ ग्रॅम प्रथिनं धरली तरी ५० च्या पुढे बेरीज जाते, दूध वेगळंच. ५५ किलोच्या मुलीची दिवसाची गरज भागून थोडं उरतं. वरणाच्या पाण्यावर आणि दोन चपात्यांवर ही बेरीज कधीच होत नाही.

तेलाचं एक लिटर मी महिन्याच्या एक तारखेला फोडायची आणि तेच पुरवायची. त्याहून सोपं माप मला सापडलं नाही. बाहेरच्या तेलाची दुसरी अडचण म्हणजे ते पुन्हा पुन्हा तापतं. तळणीचं तेल जितक्या वेळा तापतं तितके त्यात पोलर कंपाउंड नावाचे घटक साठतात. २०१८ च्या जुलैपासून सरकारने त्यांना २५ टक्क्यांची हद्द घातली आहे, त्याच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. काळसर, चिकट, तापल्यावर फेसाळणारं तेल दिसलं की समजावं. घरातही पुऱ्या तळून उरलेलं तेल आठ दिवस तळणीत ठेवू नये, एक-दोन दिवसांत फोडणीला वापरून संपवावं. आपलं करडीचं तेल फोडणीला फार चांगलं, पण ते पुन्हा पुन्हा तळण्याला मुळीच सोसत नाही.

मिठाचं थोडक्यात. माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं-पापड-फरसाणही आलं. घरचं जेवण म्हणून लोणच्यावर हात सैल सोडला तर घरच्या जेवणाचा फायदा तिथेच गेला.

मुलींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अभ्यासाला बसलेली मुलगी दुपारी डोळे मिटते, आपण तिला आळशी म्हणतो. आंबाडीची किंवा टोमॅटो घातलेली पालकाची भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटामुळे कढईचं थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. वरणावर लिंबू पिळलं की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाकरीतलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह कमी लागतं, म्हणून चहा तासाभराने. माझ्या मुलीच्या बाबतीत मी एवढंच बदललं होतं, लिंबू आणि चहाची वेळ.

रोज ताजं करायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न खरा आहे. क्लास सहाला सुरू होतो. त्यासाठी मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात उत्तर आधीपासून आहे, त्याचं नाव येसर. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मिरची आणि मसाला वेगवेगळं खमंग भाजून एकत्र दळलेलं. लग्नाघरची आमटी याच्यावरच होते. खोलीवर फोडणीत लसूण टाकायचा, पाणी उकळायचं आणि गार पाण्यात कालवलेलं दोन चमचे येसर सोडायचं. भाजलेल्या पिठामुळे आमटी आपोआप दाटते आणि दहा मिनिटांत भाकरीबरोबर चुरून खायला मिळते. सकाळी घाई असेल तर सुशीला: मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळव्याचं पीठ आणि शेंगदाणे. पाकिटातल्या नूडल्सपेक्षा याला फार वेळ लागत नाही. वर्षाचं येसर उन्हाळ्यात घरी करून द्या, पोराचा अर्धा स्वयंपाक तिथेच झाला.

पाण्याची एक आठवण सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तेव्हा आम्ही खोलीतच होतो. टँकरचं पाणी भरून घ्यायचं, तुरटी फिरवायची, गाळायचं, उकळायचं. भाजी धुतलेलं पाणी भांड्याच्या पहिल्या हाताला आणि तेच पुढे संडासात. कुकरमध्ये एकावर एक डबे लावायची सवय मला त्याच उन्हाळ्यात लागली, कारण घासायला भांडं कमी लागायचं. प्रत्येक हंड्याचं पाणी कुठून आलं आणि उकळलं की नाही, हे मला माहीत होतं. बाहेर जेवताना ते कुणालाच सांगता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा करणार नाही. मुलीसाठी मी दोन वर्षं लातूरला राहिले, तेव्हा गावाकडे शेत, जनावरं आणि सासू-सासरे सगळे धन्यांवर पडले. तेही दोन वर्षं धड जेवले नाहीत. घरच्या जेवणाचा अर्थ आईने सगळं सोडून जावं असा आपण लावतो, आणि मुलगा असेल तर त्याने पोळपाटाला हात लावायचा नाही असाही लावतो. हे चूक आहे. सतरा वर्षांचं पोर भौतिकशास्त्र शिकतं, त्याला कुकरची शिट्टी शिकता येते. दोघा-तिघांनी मिळून खोली घेतली तर एकाने भाकरी, एकाने डाळ-भाजी, एकाने भांडी, आणि दर आठवड्याला पाळी बदलायची. पाऊण तासात सगळं उरकतं.

आणि बाहेर खाऊच नये असं मी म्हणत नाही. निलंग्याला जाऊन निलंगा राइस न खाता येणं हे जिवावर येतं, मित्रांबरोबर खाण्याची गोडी वेगळीच असते. मेस लावावी लागली तर दोन दिवस आधी जेवून बघा. जेवायच्या वेळी नको, अकराला जा: भात कधी लागतो, उरलेल्या भाताचं काय करतात, पाणी कुठलं, तळणीचं तेल कसं दिसतं. भिंतीवर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर लावलेला असतो, तोही बघा. आणि मेस असली तरी खोलीवर शेंगदाणे, गूळ, दूध, लिंबू आणि दोन अंडी उकडण्यापुरती सोय ठेवा.

मुलगा आता पुण्याला शिकतो, तिथेही तवा घेऊन गेला आहे. मागच्या आठवड्यात रात्री फोन आला.

"आई, भाकर चिरायली बघ. पाणी गरमच घेतलं, रगडलं बी चांगलं."

मी विचारलं, "पीठ कधीचं आहे?"

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "महिना होऊन गेला."

"मग विरी गेली रे त्याची. त्यात मूठभर बेसन, थोडी कणिक, कांदा-मिरची घाल आणि ओल्या फडक्यावर धपाटे थाप. उद्या ज्वारी दोनच किलो दळून आण."

मागून तवा सरकवल्याचा आवाज आला आणि त्याने फोन ठेवला.